सर्वसाधारण दर म्हणजे कोणाचा दर?
कापसाच्या भावफलकाची चिकित्सा

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मूळचा घोडागाडीचा आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला एक फळी बसवीत असत. तिला डॅशबोर्ड म्हणत. घोडागाडी जाऊन मोटार आली तेव्हा फळीचे काम संपले, पण जागा आणि नाव तेवढे राहिले. त्या जागी वेग, इंधन आणि इंजिनाचे तापमान दाखवणाऱ्या तबकड्या बसल्या. पुढे बँका, कारखाने आणि शेअर बाजार यांचे आकडे संगणकाच्या पडद्यावर एकत्र मांडले जाऊ लागले, तेव्हा त्या मांडणीलाही हेच नाव मिळाले.

या विषयावर लिहिणारे अमेरिकी अभ्यासक स्टीफन फ्यू यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात डॅशबोर्डची व्याख्या केली आहे. तिचा आशय असा, की ठरलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती एकाच पडद्यावर, एका नजरेत समजेल अशा रीतीने मांडलेली असावी. यातला ‘उद्दिष्ट’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मोटारीच्या चालकाला वेग हवा असतो, तर दुरुस्ती करणाऱ्याला तेलाचा दाब. दोघांची गाडी एकच असली तरी प्रश्न वेगळे असतात. म्हणून कोणत्याही फलकाची परीक्षा करताना पहिला प्रश्न असा विचारायला हवा, की हा फलक कोणाच्या प्रश्नाचे उत्तर देतो?

या लेखात आपण अशा एका फलकाची परीक्षा करणार आहोत, जो विदर्भातल्या वाचकांच्या रोजच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे कापसाच्या बाजारभावाचा तक्ता. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, उमरखेड या बाजार समित्यांचे आकडे हंगामात वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळांवर याच तक्त्यात येतात. बँकेचा अधिकारी, जिनिंगचा मालक, कापसाच्या वायद्यांचा अभ्यास करणारा मुंबईतला विश्लेषक आणि झरी-जामणीचा शेतकरी हे सगळे याच आकड्यांकडे पाहतात. प्रत्येकाला त्यातून सारखेच कळते का, हा आपला प्रश्न आहे.

तक्त्याचे गुण

आधी या तक्त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि ती सुमारे तीन दशके चालली. त्या काळात कापूस उत्पादकाला भावांची तुलना करण्याचे फारसे कारणच नव्हते, कारण खरेदीदार एकच होता. पुढे बाजार खुला झाला, खरेदीदार अनेक झाले आणि कुठे काय भाव चालला आहे हे कळण्याची गरज निर्माण झाली. केंद्र सरकारच्या विपणन व तपासणी संचालनालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने २००० साली ‘अ‍ॅगमार्कनेट’ हे संकेतस्थळ सुरू केले. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळही आपल्या संकेतस्थळावर राज्यातल्या बाजार समित्यांचे दर देते. २०१६ साली ‘ई-नाम’ ही राष्ट्रीय ऑनलाइन बाजाराची योजना आली. ज्या भावासाठी पूर्वी अडत्याच्या तोंडाकडे पाहावे लागे, तो आता घरबसल्या मोबाइलवर दिसतो. ही लहान गोष्ट नव्हे.

या तक्त्याचे रकाने ठरलेले आहेत. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. मांडणी साधी आहे, राज्यभर एकसारखी आहे आणि लहान जागेत मावते. हे तिन्ही गुण खरे आहेत. दोष आहे तो यातल्या तीन दरांच्या निवडीत.

शेअर आणि कापूस

दिवसाचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भाव सांगण्याची रीत वित्तबाजारात जुनी आहे. जपानमधल्या ओसाका शहरातल्या दोजिमा येथील तांदळाच्या बाजाराला १७३० साली शोगुनाची मान्यता मिळाली. तांदळाच्या भावाची ‘मेणबत्ती’च्या आकाराची चित्रे काढण्याची पद्धत परंपरेने त्या काळाशी जोडली जाते. मेणबत्तीचे खोड म्हणजे सुरुवातीचा आणि अखेरचा भाव, तर वरखाली निघालेल्या वाती म्हणजे उच्चांक आणि नीचांक. आज जगभरचे वित्त विश्लेषक आपल्या पडद्यावर याच मेणबत्त्या पाहतात. १९८२ पासून ब्लूमबर्ग कंपनीचे संगणक दलाली पेढ्यांत बसू लागले आणि ‘एक पडदा, सगळा बाजार’ ही कल्पना रूढ झाली.

शेअर बाजारात ही पद्धत शोभते, कारण एका कंपनीचा एक शेअर दुसऱ्या शेअरसारखाच असतो. सकाळी तो १०० रुपयांना आणि दुपारी १०४ रुपयांना विकला गेला, तर फरक वेळेचा आहे, मालाचा नाही. नीचांक आणि उच्चांक मिळून दिवसभरात भाव किती हलला ते सांगतात.

कापसाचे तसे नाही. बाजाराच्या आवारात उभी असलेली प्रत्येक बंडी वेगळी असते. एकीत पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र, कोरडा कापूस असतो, दुसरीत पावसात भिजलेला, तिसरीत बोंडअळीने खाल्लेल्या बोंडांचा पिवळट कवडी कापूस, तर चौथीत हंगाम संपताना वेचलेली फरदड. कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांतला फरक येथे मुख्यतः मालाचा आहे, वेळेचा नव्हे. शेअरसाठी योग्य असलेला साचा कापसाला लावल्यामुळे आकडे तेच दिसतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. पडद्यावर ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर विश्लेषकालाही हा भेद सहज उमगत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचे मोठे नुकसान केले होते. अशा वर्षी मालाच्या प्रतीतला फरक हीच मुख्य माहिती ठरते, आणि नेमकी तीच तक्त्यातून गळते.

बहुलकाची फसगत

आता तिसऱ्या आकड्याकडे, म्हणजे सर्वसाधारण दराकडे वळू. बोलण्यात आपण ‘सर्वसाधारण’ म्हणजे ‘सरासरी’ समजतो. प्रत्यक्षात या रकान्यात अपेक्षित असते ते बहुलक, म्हणजे ज्या भावाने सर्वांत जास्त माल विकला गेला तो भाव. मध्य, मध्यक आणि बहुलक ही तीन केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे शाळेत शिकवताना त्यांतला फरक विद्यार्थ्यांना बऱ्याचदा पटत नाही. परीक्षेपुरते सूत्र पाठ होते. तो फरक किती महागात पडू शकतो, हे पुढील उदाहरणावरून दिसेल. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले गणित खरे आहे.

समजा, ‘अ’ आणि ‘ब’ या दोन बाजारांत एकाच दिवशी प्रत्येकी १,००० क्विंटल कापूस आला.

‘अ’ बाजारात ५० क्विंटल ६,२०० रुपयांनी, १०० क्विंटल ६,६०० रुपयांनी, ६०० क्विंटल ७,००० रुपयांनी, १५० क्विंटल ७,२०० रुपयांनी आणि १०० क्विंटल ७,४०० रुपयांनी विकला गेला.

‘ब’ बाजारात ३०० क्विंटल ६,२०० रुपयांनी, २५० क्विंटल ६,४०० रुपयांनी, ३५० क्विंटल ७,००० रुपयांनी आणि १०० क्विंटल ७,४०० रुपयांनी विकला गेला.

तक्त्यात दोन्ही बाजारांची ओळ अगदी सारखी येईल. आवक १,०००, कमीत कमी ६,२००, जास्तीत जास्त ७,४०० आणि सर्वसाधारण ७,०००. आता मध्य काढून पाहा. ‘अ’ बाजाराचा ६,९९० रुपये येतो, ‘ब’ बाजाराचा ६,६५०. क्विंटलमागे ३४० रुपयांचा फरक. मध्यक काढला तर ‘अ’चा ७,००० आणि ‘ब’चा ६,४०० येतो. म्हणजे ‘ब’ बाजारातला निम्म्याहून अधिक माल ६,५०० रुपयांच्या खाली गेला आणि तक्त्यावर त्याचा मागमूसही नाही.

‘ब’ बाजाराच्या वारंवारता आलेखाला दोन उंचवटे आहेत, एक हलक्या मालाचा आणि एक चांगल्या मालाचा. अशा ठिकाणी बहुलक हे परिमाण दोन उंचवट्यांपैकी एक निवडते आणि दुसरा विसरते. हा बहुलकाचा दोष नाही, ते त्याचे स्वरूपच आहे. दोष आहे तो दोन उंचवट्यांच्या बाजाराला एकच बहुलक देण्याचा आणि त्याला ‘सर्वसाधारण’ हे नाव देण्याचा.

हे नुकसान जिल्ह्याच्या पातळीवर आणखी वाढते. अनेक डॅशबोर्ड निरनिराळ्या बाजारांचे सर्वसाधारण दर घेऊन त्यांची साधी सरासरी दाखवतात. एका बाजारात २,००० क्विंटल ६,८०० रुपयांनी आणि दुसऱ्यात ५० क्विंटल ७,४०० रुपयांनी विकला गेला असेल, तर साधी सरासरी ७,१०० येते. वजनानुसार भारित सरासरी काढली तर ती सुमारे ६,८१५ येते. आवकेचा आकडा शेजारच्या रकान्यातच असतो, पण तो हिशेबात घेतला जात नाही.

नावे आणि ओलावा

‘जात/प्रत’ हा रकाना मालातला फरक सांगण्यासाठीच आहे, असे कोणी म्हणेल. पण त्यात काय लिहिलेले असते? ‘लोकल’, ‘हायब्रीड’, ‘मध्यम स्टेपल’, ‘एच-४’ अशी नावे या तक्त्यांत वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. एच-४ हे सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेले आणि १९७० साली प्रसारित झालेले वाण. व्यापारी लागवडीसाठी तयार झालेला तो जगातला पहिला संकरित कापूस. शास्त्राच्या इतिहासात त्याचे स्थान मानाचे आहे. परंतु २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाल्यानंतर विदर्भातली शिवारे पार बदलली. शेतातून निघून गेलेले नाव तक्त्यात राहिले, तर त्या रकान्यातून शेतकऱ्याला काय बोध होणार? आणि ‘लोकल’ या शब्दातून विश्लेषकाला काय कळणार?

भाव ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. त्या म्हणजे धाग्याची लांबी, धाग्याचा बारीकपणा व परिपक्वता दाखवणारा ‘मायक्रोनेअर’ हा अंक, रुईचा उतारा, कचरा आणि ओलावा. सरकारचा हमीभाव मुळात यांवरच आधारलेला आहे. मध्यम धाग्याचा हमीभाव २४.५ ते २५.५ मिलिमीटर लांबीसाठी आणि लांब धाग्याचा २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबीसाठी जाहीर होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी हे भाव अनुक्रमे ७,७१० आणि ८,११० रुपये होते. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ओलाव्याची ८ टक्के ही मर्यादा धरून पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात करते आणि त्याहून ओला कापूस घेत नाही. ८,११० रुपयांच्या भावावर ४ टक्क्यांची कपात म्हणजे सुमारे ३२४ रुपये.

म्हणजे हमीभावाच्या शेजारी सर्वसाधारण दर ठेवून ‘बाजार हमीभावापेक्षा इतका खाली’ असे दाखवणारा पडदा दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करतो. हमीभाव ठरलेल्या प्रतीच्या, कोरड्या कापसाचा असतो. सर्वसाधारण दर कोणत्या ओलाव्याच्या कापसाचा, हे कुठेच लिहिलेले नसते. त्या फरकात व्यापाऱ्याने पाडलेला भाव किती आणि ओलाव्याची वाजवी कपात किती, हे वेगळे करता येत नाही. शेतकऱ्याची तक्रार खरी असली तरी ती या तक्त्याच्या आधारे सिद्ध होत नाही, आणि खोटी असली तरी खोडता येत नाही.

खंडी, गाठ, क्विंटल आणि पौंड

वऱ्हाडचा कापूस परदेशी बाजाराशी घट्ट जोडला गेला तो १८६० च्या दशकात. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि त्यांची नजर इकडे वळली. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची गाडी आली, तीही कापसासाठीच. तेव्हा भाव लिव्हरपूलवर अवलंबून असे, आज न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्यामुळे विश्लेषकाच्या पडद्यावर न्यूयॉर्क, मुंबई आणि यवतमाळ हे तिन्ही भाव शेजारी असतात. परंतु ते एका मापात नसतात.

यवतमाळचा भाव क्विंटलचा, आणि तोही सरकीसकट कापसाचा. मुंबईचा भाव खंडीचा, म्हणजे ३५६ किलो रुईचा. उत्पादनाचे अंदाज गाठींत, आणि आपली गाठ १७० किलोंची. अमेरिकेची गाठ मात्र ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोंची. न्यूयॉर्कचा भाव एका पौंड रुईमागे सेंटमध्ये.

हे एका मापात कसे आणायचे? समजा रुईचा भाव खंडीला ५५,००० रुपये आहे. म्हणजे किलोला सुमारे १५४ रुपये ५० पैसे. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि २ किलो घट निघाली, तर रुईचे सुमारे ५,२५३ रुपये झाले. सरकी किलोला ३५ रुपये धरली तर तिचे २,२४० रुपये. एकूण ७,४९३ रुपये. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक आणि नफा वजा करून जे उरते ते शेतकऱ्याला देता येते. उतारा ३४ ऐवजी ३६ किलो असेल आणि सरकी ६२ किलो, तर एकूण रक्कम ७,७३२ रुपये होते, म्हणजे सुमारे २४० रुपये जास्त. दोन किलोंच्या उताऱ्याला एवढी किंमत आहे, आणि तक्त्यात उताऱ्याला रकाना नाही.

आता न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ७० सेंट आणि डॉलरचा दर ८५ रुपये समजू. एका खंडीत सुमारे ७८५ पौंड असतात, म्हणजे खंडीला सुमारे ५४९ डॉलर, अर्थात ४६,७०० रुपयांच्या आसपास. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. जिनिंगचा मालक ते तोंडी करतो. शेतकऱ्यासाठी मात्र ते कोणी करून ठेवलेले नसते. एका बाजूला हिशेब पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट असेल, तर हर्रास सुरू होण्यापूर्वीच पारडे झुकलेले असते.

चित्राचे दोष

आकडे पडद्यावर चित्ररूपात येतात तेव्हा आणखी काही दोष शिरतात. आलेखांची सुरुवात १७८६ साली झाली. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेषालेख व स्तंभालेखांनी मांडले. म्हणजे आर्थिक आकड्यांचे चित्र काढण्याची कला सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. तरीही चुका त्याच होतात.

स्तंभालेखात डोळा स्तंभाची उंची मोजतो, म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. अक्ष ६,९०० पासून सुरू केला तर ७,००० आणि ७,१४० यांचे स्तंभ १०० आणि २४० या प्रमाणात दिसतील. भाव वाढला दोन टक्क्यांनी आणि चित्र म्हणते अडीच पटींच्या जवळपास. रेषालेखात डोळा चढउतार पाहतो, तेथे अक्ष मधून सुरू करणे क्षम्य आहे, मात्र ते ठळक लिहिलेले हवे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखवले, की समान अक्षावरील स्थानांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो. कोनांची आणि क्षेत्रफळांची तुलना त्याला तितकी जमत नाही. तरीही पडद्यावर वाटोळ्या तबकड्या, फुगे आणि मोटारीच्या काट्यासारखी मापके यांची गर्दी असते. मोटारीचे नाव घेतले म्हणून मोटारीचे काटेही घेतलेच पाहिजेत, असे नाही.

दुसरा दोष रंगांचा. आपल्याकडच्या पडद्यावर भाव उतरला की लाल आणि चढला की हिरवा. चीन आणि जपानच्या शेअर बाजारांत नेमके उलटे आहे, तेथे चढत्या भावाचा रंग लाल. म्हणजे रंग निसर्गाने दिलेला नाही, तो संकेत आहे. शिवाय कापसाचा भाव उतरणे शेतकऱ्याला वाईट आणि सूतगिरणीला चांगले. रंग देताच फलकाने बाजू घेतलेली असते.

तिसरा दोष रिकाम्या दिवसांचा. दिवाळीत बाजार बंद असतो, कधी पावसामुळे, तर कधी हमालांच्या संपामुळे. त्या दिवशी भाव शून्य नसतो, भाव नसतोच. ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ यांतला फरक विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांना कटाक्षाने पाळायला लावतो. डॅशबोर्ड मात्र कधी मागचाच भाव पुढे ओढतात, तर कधी दोन बिंदू सरळ रेषेने जोडून मधल्या दिवसांचा भाव कल्पनेने भरून काढतात.

चौथा दोष सीमेचा. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा कापूस बाजार जवळ आहे. केळापूर भागातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो उमरखेडपेक्षा जवळचा. पण तो तेलंगणात असल्यामुळे महाराष्ट्राच्या तक्त्यात येत नाही. तक्ता प्रशासनाच्या नकाशाप्रमाणे चालतो, बंडी मात्र रस्त्याप्रमाणे चालते.

माहितीने भाव मिळतो का?

येथे एक आक्षेप येऊ शकतो. फलक कितीही सुधारला तरी शेतकऱ्याच्या हातात काय पडणार? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यावर संशोधन झालेले आहे.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाइल आले. समुद्रातूनच कोणत्या बंदरावर काय भाव आहे हे कळू लागले. बंदराबंदरांतला भावांचा फरक एकदम कमी झाला, मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली.

याउलट अनुभव महाराष्ट्रातला आहे. मोबाइलवर लघुसंदेशाने बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला देणारी एक व्यापारी सेवा येथे २००७ पासून सुरू झाली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अभ्यासकांनी राज्यातल्या १०० गावांत तिचा प्रयोग करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने अधिक भाव मिळाल्याचे त्यांना आढळले नाही. त्या अभ्यासात कापूस नव्हता, कांदा, टोमॅटो, सोयाबीन अशी पिके होती. पण विचार करायला लावणारा हा निष्कर्ष आहे.

दोन अनुभवांत फरक का पडावा? मच्छीमाराची होडी समुद्रात असते आणि माहिती मिळताच तिचे तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवता येते. त्याच्या प्रश्नाला माहितीचे थेट उत्तर मिळते. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. माझ्या या कापसाला, या ओलाव्याला, गाडीभाडे आणि हमाली वजा जाता, कोणत्या बाजारात किती पडतील? आणि घरात जागा नसताना, मार्चअखेर पीककर्ज फेडायचे असताना, आणखी महिनाभर थांबणे परवडेल का? यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारण दरात नाही. दुसऱ्याचे तर कोणत्याच फलकात नाही, ते गोदामात आणि कर्जाच्या अटींत आहे. म्हणून चांगला फलक हा उपायांपैकी एक आहे, सर्व उपाय नव्हे. पण वाईट फलक चुकीच्या बाजाराचा रस्ता दाखवू शकतो, ही गोष्टही तितकीच खरी.

काय करता येईल?

सुधारणेसाठी नवी माहिती फारशी गोळा करावी लागणार नाही. प्रत्येक बंडीचे वजन आणि भाव हिशेबपट्टीवर लिहिलेलेच असतात. ती माहिती तक्त्यापर्यंत येईपर्यंत तीन आकड्यांत आटते, एवढेच. त्याऐवजी पाच आकडे द्यावेत. सर्वांत कमी भाव, पहिले चतुर्थक, मध्यक, तिसरे चतुर्थक आणि सर्वांत जास्त भाव, तेही वजन लक्षात घेऊन काढलेले. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी प्रचारात आणलेला ‘पेटी-आलेख’ या पाच आकड्यांचाच असतो. आपल्या ‘अ’ आणि ‘ब’ बाजारांच्या पेट्या शेजारी काढल्या, तर शाळकरी मुलालाही फरक दिसेल. जोडीला ओलाव्याचा एक रकाना हवा, जुन्या वाणांच्या नावांऐवजी धाग्याची लांबी हवी, आणि बाजार बंद असेल तेथे स्पष्ट ‘बंद’ असे लिहायला हवे. असा फलक विश्लेषकालाही अधिक उपयोगी पडेल, कारण बाजारात खरोखर काय विकले गेले ते त्यालाही आज कळत नाही.

यावर एक रास्त शंका अशी, की पाच आकडे सामान्य वाचकाला जड जातील. उत्तर शाळेत आहे. मध्यक समजणे हे बहुलक समजण्यापेक्षा अवघड नाही. ‘निम्म्या कापसाला याहून कमी भाव मिळाला’ हे वाक्य कोणालाही कळते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आणि एकूणच कापूस पट्ट्यातल्या शाळांना यासाठी प्रयोगशाळा शोधावी लागत नाही. वर्गातल्या मुलांच्या घरी हंगामात हिशेबपट्ट्या येतात. नाव झाकून प्रत्येकीवरचे फक्त वजन, भाव आणि तारीख फळ्यावर लिहावी. वीस-पंचवीस पट्ट्या जमल्या की वारंवारता सारणी करावी, मध्य, मध्यक आणि बहुलक काढावेत आणि त्या तारखांचे छापून आलेले सर्वसाधारण दर त्यांच्या शेजारी ठेवावेत. उंचवटे एक की दोन, हे मुलांनी स्वतः पाहावे. फरक दिसला तर तो का आला असेल, ओलावा, प्रत की आणखी काही, यावर चर्चा करावी. वीस पट्ट्यांवरून सगळ्या बाजाराचा निष्कर्ष काढता येत नाही, हेही त्याच तासाला सांगता येईल. नमुना आणि समष्टी यांतला फरक शिकवायला याहून चांगली संधी कोणती?

संख्याशास्त्र हे मोठ्या शहरातल्या वित्त विश्लेषकांचे शास्त्र आहे, अशी समजूत आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात ज्याचा वर्षभराचा माल एका सकाळी एका भावाने विकला जातो, त्यालाच या शास्त्राची सर्वांत जास्त गरज आहे. पुढच्या वेळी छापलेला दर वाचताना आपल्या विद्यार्थ्याने ‘हा मध्यक आहे की बहुलक, आणि किती क्विंटलांचा?’ असे विचारले, तर सांख्यिकीचे प्रकरण त्याला समजले असे खुशाल मानावे.